पोस्टरवरची पाठमोरी मुलगी

"ती मुलगी खरी आहे का?"

प्रश्न एवढाच. शब्द मोजून पाच. पण सोमवारी सकाळी कंपासपेटीतून म्याऊच्या हाती ही चिठ्ठी आली तेव्हा ढोलकी आणि वकील अशा काही फिदीफिदी हसल्या, की पुढच्या बाकावरच्या तिघांनी मान वळवून पाहिलं.

ही कंपासपेटी म्हणजे त्या तिघींचं सरकार. झाकण वाकडं, आत ना कर्कटक ना कोनमापक, फक्त चिठ्ठ्या. दर सोमवारी प्रत्येकीने एक धाडस लिहून टाकायचं आणि डोळे मिटून एक उचलायचं. उचललेलं करायचं म्हणजे करायचंच; माघार घेतली तर आठवडाभर बाकीच्या दोघींची दप्तरं उचलायची. ढोलकी हे नाव तिच्या कुजबुजीमुळे पडलं होतं, कारण ती कुजबुज शेजारच्या वर्गात ऐकू जायची. वकील प्रत्येक शिक्षकाला "पण हे कुठे लिहिलंय?" असं विचारायची. आणि म्याऊ? सातवीत असताना हजेरीला तिचा "हजर" असा निघायचा, जणू बाकाखाली मांजराचं पिल्लू अडकलंय. आता ती नववीत होती, भर वर्गात सरांची बेरीज चुकल्याचं सांगून मोकळी व्हायची, तरी नाव तिने बदलू दिलं नव्हतं. उलट चिठ्ठीखाली सही करायची ती ऐटीत 'म्याऊ' अशीच.

"ही चिठ्ठी कोणाची?" तिने विचारलं.

"कायद्याने सांगता येत नाही," वकील म्हणाली.

"माझी नाही हं!" ढोलकी म्हणाली, म्हणजे अर्थातच तिची नव्हती, कारण तिची असती तर तिला ते पोटात ठेवताच आलं नसतं.

चिठ्ठीतली 'ती मुलगी' म्हणजे फाटकाबाहेर लावलेल्या पोस्टरवरची. गेले तीन दिवस सगळी शाळा ते पोस्टर बघत होती. हिरवागार पोपट, त्याच्याखाली दोन वेण्या घातलेली एक पाठमोरी मुलगी, हात उंच वर केलेला, आणि मोठ्ठ्या अक्षरांत: 'आता वर्गात पहिला हात माझा!' मुलांना बोलायला शिकवणारं नवीन अ‍ॅप. तुम्ही बोलायचं, त्याने ऐकायचं आणि लगेच गुण द्यायचे. शाळेने त्याचं नाव पोपट ठेवून टाकलं होतं. आणि आज दुपारी पोपटवाले स्वतः सभागृहात येणार होते. म्हणजे म्याऊला हा प्रश्न सगळ्यांदेखत त्यांनाच विचारायचा होता.

आले. कोट घातलेले, केस चापूनचोपून बसवलेले, आणि हसू असं, की सुरू झालं की बंद करायचं बटण सापडू नये. मंचावर तेच पोस्टर कपाटाएवढं करून उभं केलं होतं. कोटवाले काका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत बोलत होते.

"मुलांनो, भीती वाटते ना बोलायला? आता वाटणार नाही! हे अ‍ॅप तुमची कुजबुजसुद्धा ऐकतं. मोठ्याने बोलायचीही गरज नाही. कोणी हसत नाही, कोणी रागवत नाही!"

म्याऊने कान टवकारले. मोठ्याने बोलायची गरज नाही? मग शिकायचं काय? तिने वकिलाकडे बघितलं, पण वकील हातातल्या पत्रकातला अगदी तळाचा बारीक मजकूर वाचण्यात गुंग होती.

मग मुख्याध्यापिका उठल्या. "शुक्रवारी पालकसभा आहे. पालकांना हे पटलं, तर पुढच्या महिन्यापासून गुरुवारचा वाचनालयाचा तास बंद करून त्या जागी हे सुरू करू."

आता मात्र म्याऊ ताडकन सरळ बसली.

गुरुवारचा वाचनालयाचा तास म्हणजे वाचनालयकाकांचा तास. काकांचा एक कान कायमचा रजेवर होता आणि दुसरा अर्धवेळ कामावर. ते खिडकीशी टेबलामागे बसायचे आणि वाचणाऱ्याने थेट दरवाजात उभं राहायचं. मध्ये पुस्तकांची सात कपाटं. तुम्ही वाचायला लागलात की काका कानामागे हात धरायचे आणि शांतपणे म्हणायचे, "नाही आलं ऐकू. पुन्हा." ना राग, ना गुण, ना शाबासकी. नुसतं 'पुन्हा'. सातवीत म्याऊने हरवलेल्या छत्रीबद्दलचा एकच उतारा अकरा वेळा वाचला होता. बाराव्यांदा काकांनी हात खाली घेतला आणि विचारलं, "मग? सापडली का त्याला छत्री?" त्या दिवशी घरी जाताना म्याऊ रस्त्याने दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत गेली होती. दोन कुत्री मागे लागली, तरी थांबली नाही.

आत्ता काका सभागृहाच्या दाराशी उभे होते, कानामागे हात धरून. त्यांना काय ऐकू आलं आणि काय नाही, देव जाणे.

"काही प्रश्न?" कोटवाल्यांनी विचारलं. हा प्रश्न ते सगळीकडे विचारत असावेत आणि सगळीकडे शांतताच मिळत असावी, कारण त्यांनी लगेच बॅग आवरायला घेतली.

ढोलकीने कोपराने ढोसलं. म्याऊने हात वर केला.

"वा! बघा, बघा, पहिला हात! ये बाळा, पुढे ये, माइकवर विचार."

म्याऊ मंचावर गेली. पोस्टर तिच्या नाकासमोर आलं. इतक्या जवळून ते तिने आजवर पाहिलंच नव्हतं. मोठ्या अक्षरांच्या खाली, पाठमोऱ्या मुलीच्या कोपराशेजारी, बारीक तिरक्या अक्षरांत आणखी एक ओळ होती.

'माझ्या घशात एक जिना आहे आणि माझा आवाज मधल्याच पायरीवर बसून राहायचा.' — एक विद्यार्थिनी, नववी.

म्याऊ ते वाचतच राहिली.

"बोल ना बाळा."

"ती मुलगी," म्याऊ म्हणाली, आणि तिला एकदम जाणवलं की ही आता चिठ्ठीतली गंमत उरलेली नाही, "खरी आहे का?"

सभागृहात खसखस पिकली. कोटवाल्यांचं हसू पाव इंच खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. "अगदी खरी! अगदी तुझ्यासारखीच. नाव मात्र सांगता येत नाही हं, खाजगी असतं."

"मग ती पाठमोरी का?"

"कारण... कारण ती पुढे बघतेय!" असं म्हणून त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या.

जागेवर परत येताना म्याऊला टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. दप्तरं उचलायची शिक्षा टळली होती, पण डोक्यात एकच भुंगा. घशातला जिना हा तिचा होता. सातवीत, पहिल्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून पाय हलवत तिने तो एकाच माणसाला सांगितला होता. ओट्यापाशी आई बटाटे सोलत होती.

आणि आईचं काम काय होतं? तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांना त्यांचं सॉफ्टवेअर लोकांना कसं सांगायचं, ते सांगण्याचं.

*

आई घरीसुद्धा त्याच भाषेत बोलायची. "वैशिष्ट्य सांगू नकोस, फायदा सांग," हे म्याऊने 'मला नवीन बूट हवेत' म्हटल्यावर ऐकलं होतं. "एका पानावर एकच वचन," हे तिचा निबंध वाचल्यावर. "शब्द आपल्या डोक्यातून काढायचे नाहीत, गिऱ्हाइकाच्या तोंडातून उचलायचे," हे तर आईचं सगळ्यात लाडकं वाक्य. त्यासाठी तिच्या पर्समध्ये कायम एक निळी वही असायची. बसस्टॉपवर, दवाखान्यात, लिफ्टमध्ये कोणी काही झकास बोललं की वही बाहेर आलीच.

बाबांचं काम वेगळं होतं. ते दातांच्या कारखान्यात साचे करायचे, कवळ्या घडवायचे. "मी दिवसभर खोटे दात करतो," ते म्हणायचे, "पण खोटे आहेत असं सांगून देतो. आमच्या घरात प्रामाणिक धंदा माझाच." यावर आई त्यांना नॅपकिन फेकून मारायची. आजवर तो विनोद होता. सोमवारी संध्याकाळी मात्र पायऱ्या चढताना म्याऊला तो आठवला आणि अजिबात हसू आलं नाही.

दार उघडताच आई म्हणाली, "काय गं, आज शाळेत काही विशेष?"

बूट काढायच्या आधी! एरवी हा प्रश्न जेवताना यायचा, तोही बाबांकडून. म्याऊने मनात नोंद केली: संशय क्रमांक एक.

तिने ठरवलं, उघड विचारायचं नाही. विचारलं तर आई उत्तर देईल, आणि उत्तर देणं हा तर आईचा धंदाच! त्यापेक्षा आईचंच हत्यार आईवर चालवायचं. आईच्या ऑफिसात एकाच गोष्टीच्या दोन पाट्या करतात. अर्ध्या लोकांना 'अ' पाटी दाखवायची, अर्ध्यांना 'ब', आणि कोण कशाला भुलतं ते गुपचूप बघायचं. म्याऊने आईसाठी 'ब' पाटी बनवली.

"हो," ती बूट काढत सहज आवाजात म्हणाली, "एक माणूस आला होता. गणिताचं कुठलंतरी अ‍ॅप घेऊन."

"गणिताचं?" आईची मान झटकन वर आली. "बोलण्याचं ना?"

झालं! मासा गळाला! म्याऊने तोंड अगदी भोळंभाबडं ठेवलं. "बोलण्याचं? तुला कसं माहीत?"

आई फ्रिजकडे वळली. फ्रिज उघडला, काहीही न काढता बंद केला. "नाही, हल्ली शाळांमध्ये तसलीच येतात ना. म्हणून म्हटलं."

संशय क्रमांक दोन. आणि तीनही, कारण जेवताना आईने एकदाही निळी वही काढली नाही, बाबा "हा टोमॅटो आतून रागावलेला आहे" असं झकास वाक्य बोलले तरीसुद्धा.

रात्री अंथरुणात पडल्यावर म्याऊ आठवत राहिली. तिने काय काय सांगितलं होतं ओट्यावर बसून? ढोलकीशी भांडण झालं तेव्हा 'पोटात ओला टॉवेल पिळल्यासारखं' होतंय म्हणाली होती. तोही टॉवेल कुठल्या पोस्टरवर वाळत घातलेला असेल का? पोटदुखीच्या गोळीच्या? तिने उशी डोक्यावर घेतली.

*

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता आईच्या ऑफिसात गेली. "किल्ली विसरले," हे कारण. किल्ली दप्तराच्या तळाशी होती, पण चौकशीच्या कामात एवढं चालतं, असं वकिलाचं मत पडलं होतं.

आई काचेच्या खोलीत मीटिंगमध्ये होती, पाठ करून. बाहेर चित्रकारताई होती. ही ताई आईसोबत पोस्टरांची मांडणी करायची, नखांना सतत रंग लागलेला, बोलायला एक नंबर.

"अगोबाई, केवढी झालीस! बस, बस. आईला वेळ लागेल. भिंत बघ आमची नवीन."

भिंतीवर पाच-सहा मोठी कार्डं चिकटवली होती. प्रत्येकावर एक चेहरा, एक नाव आणि माहिती. 'घाईचे बाबा: वय ४२, लिफ्टमध्ये फोन वाचतात, तीन ओळींच्या पुढे जात नाहीत.' 'शंकेखोर मुख्याध्यापिका: वेळ कमी, शंका फार, आधी दुसऱ्या शाळेचं नाव विचारतील.' म्याऊला हसू फुटलं.

"ही कोण माणसं?"

"कोणी नाहीत गं! आम्हीच बनवलेली. सॉफ्टवेअर विकायचं तर कोणासाठी लिहितोय ते डोळ्यांसमोर पाहिजे ना? नाहीतर सगळ्यांशी बोलायला जातो आणि कोणालाच ऐकू जात नाही. म्हणून अशी माणसं बनवायची, नावं द्यायची. आम्ही तर त्यांच्याबद्दल भांडतोसुद्धा. 'घाईच्या बाबांना हे पटणार नाही हं!' अशी."

"आणि लोकांना दाखवता ही?"

"छे! घरातली गोष्ट ही. बाहेर जात नाहीत." ताईने जीभ चावली. "म्हणजे जायला नकोत. ही एक गेली बघ. लाजरी. तुझ्या आईने सांगितलं तशीच काढली होती मी."

कोपऱ्यातलं कार्ड. 'लाजरी. नववी. हात वर करायला घाबरते. तिचं वाक्य:' आणि खाली, घशातला जिना. शेजारी पेन्सिलने काढलेलं चित्र होतं, दोन वेण्यांची पाठमोरी मुलगी. डावी वेणी उजवीपेक्षा थोडी आखूड. म्याऊचा हात आपोआप डाव्या वेणीकडे गेला. सातवीत तिला तिथे च्युइंगम चिकटलं होतं आणि आईने कात्रीने कापलं होतं.

"अशी कशी गेली?" तिने विचारलं. आवाज मधल्या पायरीवर अडकतोय असं वाटलं, म्हणून खाकरून पुन्हा विचारलं. "कशी गेली बाहेर?"

"अगं, पोपटवाल्यांना आम्ही सगळी फाइल पाठवली. त्यात कार्डंही होती, त्यांना समजावं म्हणून. त्यांच्याकडचा कोणीतरी नवा, त्याला वाटलं ही खरीच कोणी मुलगी, अ‍ॅप वापरून सुधारलेली. त्याने छापून टाकलं! 'पहिला हात माझा' ही ओळ आमचीच होती, 'लाजरीला द्यायचं वचन' म्हणून लिहिलेली. त्यांनी ती तिच्याच तोंडी घातली. झाली की नाही कमाल? बनवलेली मुलगी शाळा जिंकत निघालीय."

"मग आईने सांगितलं नाही त्यांना?"

चित्रकारताईने काचेकडे बघून आवाज खाली आणला. "सांगितलं ना. फोनवर. ते म्हणाले, पोस्टर गाजतंय, राहू दे, कोणी विचारणार आहे थोडंच? तुझी आई दोन दिवस गप्प गप्प होती. पण गिऱ्हाईक मोठं आहे गं, आणि..." ती थांबली. म्याऊचा हात अजून वेणीवर होता. ताईने वेणीकडे पाहिलं, मग कार्डाकडे, मग पुन्हा वेणीकडे. "अरे देवा," ती म्हणाली.

काचेपलीकडे आईने मान वळवली. दोघींची नजरानजर झाली. आईचा हात अर्धवट वर आला, हाक मारावी तसा, पण तोवर म्याऊने दप्तर उचललं होतं आणि जिना उतरायला सुरुवात केली होती.

*

त्यानंतर दोन दिवस घरात अशी विचित्र शांतता, की बाबांनी विचारलं, "कोणाच्या दाढेला हात लावलाय का मी?" आई काहीतरी बोलायला तोंड उघडायची, म्याऊ पाणी प्यायला उठायची. तिला आता प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसत होतं. आईने केस विंचरून दिले तरी वाटायचं, निरीक्षण चाललंय. "झोप लागली का?" म्हटलं तरी वाटायचं, उत्तर वहीत जाणार. मुख्य म्हणजे ती स्वतः बोलेनाशी झाली. एखादं छान वाक्य जिभेवर आलं की गिळून टाकायची. बुधवारी हजेरीला तिचा "हजर" जरा बारीक निघाला तेव्हा ढोलकीने चमकून पाहिलं.

"ए म्याऊ, तू परत म्याऊ व्हायला लागलीस की काय?"

"आईवर दावा लाव," म्याऊने सगळं सांगितल्यावर वकील म्हणाली. "शब्दचोरीचा."

"आईवर?" ढोलकी ओरडली. शेजारच्या वर्गात खडू थांबला.

गुरुवारी वाचनालयाचा तास होता. कदाचित शेवटचा. काका खिडकीशी, सात कपाटं मध्ये, दरवाजात म्याऊ. हातात पुस्तक होतं, पण तिने ते उघडलंच नाही. बाकीची मुलं अजून जिन्यात होती. आपण काय करतोय हे कळायच्या आत ती हळूच, अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाली, "काका, पोस्टरवरची ती मुलगी मीच आहे. आणि मी तो पोपट कधी उघडलासुद्धा नाही."

काकांनी डोळ्यांवरून हात फिरवला, मग तोच कानामागे धरला. "नाही आलं ऐकू. पुन्हा."

म्याऊने श्वास घेतला. पुन्हा म्हणाली. सातही कपाटांच्या वरून जाईल इतक्या मोठ्याने.

काकांनी हात खाली घेतला. समोरची पुस्तकं उगाच सरळ केली. "मग?" ते म्हणाले. "मला सांगून काय उपयोग? मला तर कमी ऐकू येतं."

जिन्यातून मुलांचा गलका आला आणि तास सुरू झाला. पण म्याऊच्या मनात आणखी एक संशय शिरला तो शिरलाच. कारण काकांनी पुस्तकं सरळ करायला घेतली ती तिचं दुसऱ्यांदा बोलणं संपल्यावर, आणि डोळे पुसले होते ते त्याच्या आधी, पहिल्याच खेपेला, ती ओठांतल्या ओठांत बोलली तेव्हा. त्या माणसाला नक्की किती ऐकू यायचं? तीन वर्षं तो काय करत होता? हा संशय मात्र तिने कोणालाच सांगायचा नाही असं ठरवलं. कंपासपेटीलासुद्धा नाही.

*

संध्याकाळी ती थेट ओट्यावर चढून बसली. आई बटाटेच सोलत होती. बाबा दारात टेकून काकडी खात होते.

"आई, बोलायचंय."

आईने सोलणं ठेवलं. "बोल. मला माहितीय कशाबद्दल."

"मग तूच बोल आधी."

आईने हात पुसले, परत पुसले. एरवी तीन शब्दांत माणसाला काहीही पटवणारी बाई, आज तिला सुरुवात सापडेना. "तू ते वाक्य बोललीस ना, तेव्हा मला इतकं वाईट वाटलं आणि ते इतकं सुंदर होतं... मी लिहून ठेवलं. कामासाठी नाही. खरंच नाही. मग दोन वर्षांनी हे काम आलं, लाजऱ्या मुलांचं, आणि मला दुसरं कुठलंच वाक्य खरं वाटेना. कार्डावर घातलं. ते भिंतीवरच राहायचं होतं."

"मला विचारलं का नाहीस?"

"वाटलं, तू नाही म्हणशील."

"म्हणजे उत्तर माहीत होतं म्हणून विचारलं नाहीस!"

बाबांनी काकडी चावायची थांबवली. "पॉइंट आहे हं हा," ते आईला म्हणाले.

"तू गप्प बस रे," आई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"आणि ते छापलं गेलं तेव्हा? तुला माहीत होतं माझ्याच शाळेत येणार?"

"नंतर कळलं. मी त्यांना सांगितलं, ही मुलगी बनवलेली आहे, काढा. ते म्हणाले, कोणी विचारणार आहे थोडंच." आईने तिच्याकडे पाहिलं. "मला खरं तर तेव्हाच लिहून कळवायला हवं होतं. मी म्हटलं, बघू. आणि मग सोमवारी त्यांचा निरोप आला, की एका शाळेत एका मुलीने विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चुणचुणीत मुलगी होती." आईच्या ओठांचा कोपरा हलला. "मी त्यांना सांगितलं नाही कोणाची ते."

म्याऊला हसू येणार होतं, ते तिने परतवलं. अजून वेळ नव्हती. "आई, तू ती वही काढायचीस ना, मी बोलायला लागले की, मला इतकं भारी वाटायचं. वाटायचं आपण काहीतरी जबरदस्त बोललो. आता मला काही बोलावंसंच वाटत नाही. बोललं की वाटतं, हे कुठे जाऊन चिकटणार?"

हे ऐकून आईने जे केलं त्याची म्याऊला अपेक्षा नव्हती. ती उठली, पर्समधून निळी वही आणली आणि ओट्यावर म्याऊच्या शेजारी ठेवली. म्याऊने उघडली. बसस्टॉपवरची बाई होती, दवाखान्यातले आजोबा होते, बाबांची वाक्यं होती. आणि दर दोन-तीन पानांआड तारखेसकट तीच होती. ओला टॉवेलसुद्धा. त्याच्यासमोर आईच्या अक्षरात एकच शब्द: 'घरचं.' सगळ्या तिच्या वाक्यांसमोर तोच शब्द, फक्त घशातल्या जिन्यासमोर तो खोडलेला होता.



म्याऊने वही मिटली आणि ओट्यावरून खाली उडी मारली. काही गोष्टी बसून सांगायच्या नसतात, हे तिला सात कपाटांनी शिकवलं होतं.

"ऐका दोघं. मी ठरवलंय."

"अरे बापरे," बाबा म्हणाले आणि सरळ उभे राहिले.

"उद्या पालकसभेत मी बोलणार आहे. कोटवाले काकाही असतील, असू देत. मी सांगणार, ती मुलगी आहे, पण ती मी आहे. घशातला जिना माझा, वेण्या माझ्या, पोपट माझा नाही. माझा आवाज वाचनालयकाकांना ऐकू येत नाही म्हणून मोठा झाला, आणि कुजबुज ऐकणाऱ्याने तो कधीच झाला नसता. मग पालकांनी काय ते ठरवावं. तुझं नाव मी घेणार नाही, आई. ते घ्यायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण त्यांना आज लिहून पाठव, फोन नको. मी उद्या काय सांगणार तेही लिही, म्हणजे आपण चोरून काही केलं असं नको व्हायला."

आईचा चेहरा उतरला होता, तरी तिने मान हलवली. "गिऱ्हाईक जाईल बहुतेक," ती स्वतःशीच म्हणाली आणि टेबलावरचा लॅपटॉप ओढून घेतला. मग झाकण उघडता उघडता थांबून विचारलं, "मी येऊ ना उद्या?"

"यायचंच आहे. दोघांनी. पहिल्या रांगेत नाही, एकदम मागे, दाराशी वाचनालयकाका उभे राहतात ना, त्यांच्या शेजारी. तिथपर्यंत ऐकू आलं नाही तर हात वर करून सांगायचं, पुन्हा." म्याऊने निळी वही उचलून स्वतःच्या दप्तरात टाकली आणि चेन ओढली. "आणि ही उद्या माझ्याकडे राहील."